माया लोक कुठेही गेलेले नाहीत

लाकडी जग्वारचा एक मुखवटा सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली मजकूर असा: ‘नामशेष झालेल्या माया संस्कृतीचा हजार वर्षं जुना मुखवटा. प्रत्येक प्राणी हे एक जन्मचिन्ह. आपला प्राणी ओळखा, घरात लावा.’ यातलं जवळजवळ सगळंच चुकीचं आहे.

‘नामशेष’ हा शब्द मला सर्वात जास्त खटकतो. इसवी सन 900 च्या आसपास मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची तिकालसारखी शहरं ओस पडली, माणसं संपली नाहीत. ग्वाटेमाला या तिथल्याच देशाच्या 2018 च्या जनगणनेत सुमारे 42 टक्के लोकांनी आपण माया असल्याचं नोंदवलं. तिथल्या 1960 ते 1996 च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. एवढं सोसून उभ्या असलेल्या समाजाला आपण बसल्या जागी इतिहासजमा करतो.

हजार वर्षांचं म्हणाल, तर त्या दमट जंगलात लाकूड सहसा इतकं टिकत नाही. मेक्सिकोतल्या पालेंकेला 1952 मध्ये पाकाल या माया राजाच्या थडग्यात मुखवटा सापडला, तो जेड या हिरव्या दगडाचा. लाकडी मुखवटे कोरले जातात ते नाचासाठी. ग्वाटेमालात ‘मोरेरिया’ नावाच्या कार्यशाळा असतात. नाचणारे तिथून पोशाख आणि मुखवटे भाड्याने आणतात. वापरातला मुखवटा उलटा करून बघा. कपाळ टेकतं तिथे लाकूड घामाने काळवंडलेलं असतं, आणि नाकाचा टवका उडाला असेल तर रंगावर चढवलेले रंग थरांनी दिसतात.

आता जन्मचिन्ह. माया पंचांगात 260 दिवस आणि वीस दिवसचिन्हं. त्यांत हरीण, जग्वार आहेत, तसा वाराही आहे. प्रत्येक चिन्हाला प्राणी नाही, आणि मुखवटे काही त्या यादीवरून कोरत नाहीत. ते नाचातल्या पात्रांचे असतात. हरणाच्या नाचात हरीण, जग्वार, माकडं, शिकारी असा सगळा मेळा उतरतो. माकडाची तर स्वतःची कथा आहे. ‘पोपोल वूह’ या माया लोकांच्या पुराणग्रंथामध्ये हुन बात्झ आणि हुन चोवेन हे दोघे भाऊ गाण्यात, बासरीत, कोरीवकामात तरबेज, सावत्र भावांचा मत्सर केला आणि माकडं होऊन बसले. कारागीर त्यांनाच आपले मानतात.

मुखवटा आवडला तर जरूर घ्या. नवा असला म्हणून तो खोटा ठरत नाही. धूर-माती फासून जुना म्हणून विकला तर ठरतो. दुकानदाराला वय विचारण्यापेक्षा कोणत्या गावात, कुणी कोरला ते विचारा.