पाणी जोखताना

हाउसबोट बुडत नाही, रुतते. मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत धंदा मांडणाऱ्याला हे पहिल्याच ओहोटीत कळतं. देवबागच्या संगमाकडची रेती दर पावसाळ्यात घर बदलते, आत गाळ आहेच. आमच्या बोटीचा तळ पाण्यात अडीच फूट जातो. त्याखाली किती पाणी उरलंय एवढंच कळावं, म्हणून मी खोली मोजणारं यंत्र आणलं.

त्याचं शास्त्र साधं आहे. सेन्सर पाण्यात आवाज सोडतो आणि तळावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. म्हणजे दीड मीटर खोलीला जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. आमच्या घरात जेवायच्या हाकेलाही इतक्या लवकर ओ येत नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर बेम नावाचा जर्मन शास्त्रज्ञ अशाच आवाजाने हिमनग शोधायला निघाला होता. हिमनग राहिले बाजूला, सापडला तळ. १९१३ मध्ये त्याने पेटंटही घेतलं. माझा प्रवास नेमका उलटा होता: तळ शोधायला निघालो आणि अडलो बोटीपाशीच.

कारण आमची बोट केरळी. आंजिलीच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, वरून काजूच्या टरफलांचं तेल पाजलेलं, खिळा औषधालाही नाही. यंत्रासोबतच्या पुस्तकात मात्र फायबरची स्पीडबोट. त्यात लिहिलेलं, सेन्सर आतून तळाला चिकटवा, आवाज फायबरमधून आरपार जातो. लाकडातून तो जात नाही. नाहीतर मागच्या सपाट फळीवर स्क्रूने बसवा. आमची बोट दोन्ही टोकांना निमुळती, सपाट फळी आणायची कुठून? उरला तिसरा मार्ग: तळाला आरपार भोक.

अलेप्पीच्या मेस्त्रीला फोन लावला. भोकाचं नाव ऐकताच पलीकडे शांतता पसरली, मग फोन कट. आमचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, जास्त सभ्य. तो म्हणाला, "दादानू, बुडा नये म्हणान बोटीक भोक पाडूचा? पाडा. आधी माका उतरूक देवा."

गोव्याहून बोलावलेला तंत्रज्ञ ड्रिल घेऊन आला होता. त्याने तळाची शिवण बघितली, चहा घेतला आणि ड्रिल न काढताच पिशवीची चेन लावली. बायको म्हणाली, "हॉलमध्ये घड्याळ लावायला भिंतीला एक खिळा मागितला, तर नको म्हणालात." या वाक्याचा खाडीशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

शेवटी सेन्सर एका बांबूच्या टोकाला बसवला आणि बांबू बोटीच्या कुशीला काथ्याने बांधला. इंजिनापासून लांब, कारण पंख्याचे बुडबुडे मध्ये आले की यंत्र बहिरं होतं. सेन्सर पाण्याखाली एक फूट, तळ अडीच फूट. म्हणून आकड्यातून दीड फूट वजा करायची सोय मेनूत शोधली. तिथे वावातही मोजता येतं; एक वाव म्हणजे सहा फूट. तांडेलाने हट्टाने वाव लावले. दिवसभर पडद्यावर शून्याच्या पुढचे दशांश बघून त्याचं तोंड इतकं उतरलं, की संध्याकाळी त्यानेच पुन्हा फूट लावून घेतले.

यंत्र आता चालतं. पातळ चिखलावर आकडा नाचतो, माशांचा थवा खालून गेला की अचानक पाणी कमी होतं, पण चालतं. अडचण वेगळीच निघाली. पडदा तांडेलासमोर आहे आणि तो पाहुण्यांनाही दिसतो. आकडा पंधरावर गेला, की तांडेल सुटकेचा निःश्वास टाकून पान लावतो आणि मागे पुण्याचं अख्खं कुटुंब लाइफ जॅकेट शोधायला उठतं. आकडा दोनवर आला, की मंडळी निवांत पाय सोडून भजी मागवतात आणि तांडेलाला घाम फुटतो. इंजिन मंद करून तो देवाचं नाव घेतो, तेव्हा पाहुणे त्याचे फोटो काढतात.

परवा एका आजींना सगळ्यांत गोड वाटलं ते आकडा एकवर आला तेव्हा. त्यांनी तांडेलाला प्रेमाने सांगितलं, "भाऊ, आता तो एकवरच ठेवा हो. आमच्याकडे एसी कसा चोवीसवर ठेवतात, तसा."

तांडेल म्हणाला, "ठेवतंय गे आये. पण मगे फाटेची भरती येयपर्यंत तुमका हयच रवचा लागतला."