‘पंधरा दिवसांत गूगलवर पहिला नंबर’ या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. त्यात आमच्या नागपुरातल्या इतवारीतले एक मसालेवाले आहेत, धरमपेठेत घरून केक करणाऱ्या एक ताई आहेत, काटोलकडचा एक संत्रा बागायतदार आहे आणि माझा सख्खा मेहुणाही आहे. विचारणं सगळ्यांचं एकच, ‘भाऊ, हे खरं आहे का?’ मेसेजचं नाव ‘पंधरा दिवसांत गूगलवर पहिला नंबर, छोट्या दुकानदारांसाठी नऊ गुपितं’. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, पण शेवटी हे सगळं करून द्यायचं एक विकतचं पॅकेज आहे आणि त्यावर ‘हमीसह’ असा शिक्का आहे.

नागपूरच्या महाल भागात मी बरीच वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम केलं, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापली. आता छोट्या दुकानदारांच्या वेबसाइटी सांभाळतो. अकरा जणांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

नऊपैकी एक गुपित खरं आहे, त्याचा हिशेब आधी करू. ‘वेबसाइट मोबाइलवर नीट उघडली पाहिजे.’ पाहिजेच. एप्रिल २०१५ पासून गूगल मोबाइलवरच्या शोधात याचा विचार करतं, आणि आता तर तुमच्या पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच वाचतं. आपलं गिऱ्हाईक तसंही फोनवरच असतं. यात गुपित काहीच नाही.

आता मेसेजच्या नावाकडे येऊ, कारण खरी गफलत तिथेच आहे. ‘पहिला नंबर’ म्हणजे कुठला? सीताबर्डीत उभा राहून कोणी ‘केक शॉप’ शोधलं तर त्याला एक यादी दिसते, मनीषनगरातून शोधणाऱ्याला दुसरी. स्थानिक निकाल लावताना गूगल तीन गोष्टी पाहतं: तुमचं दुकान त्या शोधाशी किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती नावाजलेलं आहे. यातलं अंतर तर कोणाच्याच हातात नाही. केकवाल्या ताई एकदा खुशीत म्हणाल्या, ‘अहो, मी शोधलं तर मीच पहिली येऊन राहिले!’ येणारच. शोध त्यांच्याच स्वयंपाकघरातून, त्यांच्याच फोनवरून केलेला होता.

याच गफलतीवर पॅकेजवाले पोट भरतात. महिन्याभराने स्क्रीनशॉट पाठवतात, ‘बघा, पहिला नंबर आला!’ नीट पाहिलं तर शोधलेला शब्द म्हणजे दुकानाचं पूर्ण नाव, गल्ली आणि शहर. एवढं सगळं टाइप करणाऱ्याला तुमचं दुकान आधीच माहीत असतं. आणि हमीचं म्हणाल तर असली कामं करून घेण्याबद्दल गूगलनेच जे मार्गदर्शन दिलंय, त्यात सरळ म्हटलंय की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. केलेल्या कामाचा गुण दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असंही तिथेच आहे. मग हे पंधरा दिवस आले कुठून?

‘मेटा कीवर्ड टॅगमध्ये शंभर शब्द भरा’ आणि ‘पानावर मुख्य शब्द जितक्या वेळा, तितका नंबर वर’ ही दोन गुपितं एकाच माठातली. मेटा कीवर्ड टॅग म्हणजे पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची जागा. ती क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. ती जागा शंभर शब्दांनी भरली काय आणि रिकामी ठेवली काय, फरक शून्य. दुसऱ्या गुपितात मात्र नुकसान आहे. एका साइटवर मी हे वाक्य पाहिलं: ‘नागपूर संत्रा बर्फी नागपूरची बेस्ट संत्रा बर्फी नागपूरमध्ये संत्रा बर्फी’. असं बोलणाऱ्या दुकानदाराकडून बर्फी घ्यायला मी तर थांबणार नाही. गूगलच्या नियमांतही असे शब्द कोंबणं स्पॅम समजलं जातं, आणि पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवून लिहिणंही.

आता लिंका. दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. मेसेजमध्ये याला ‘महागुपित’ म्हटलंय: ‘पाचशे डिरेक्टरींत साइट टाका, हजार बॅकलिंक विकत घ्या, गूगलला वाटेल तुम्ही मोठे.’ हे धादांत खोटं आहे असं मी म्हणणार नाही. हे शिळं आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते याच कल्पनेवर की एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही एक शिफारस आहे. गावातली चार जाणती माणसं एकाच वैद्याचं नाव घेतात तेव्हा तो बरा असणार, असंच ते गणित. मग लोकांनी शिफारशी विकायला काढल्या आणि काही वर्षं त्या चालल्याही. २४ एप्रिल २०१२ ला गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या कित्येक साइटी एका रात्रीत खाली घसरल्या. २०१६ मध्ये पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेतच सामावला आणि तेव्हापासून अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्या दुर्लक्षित होतात. म्हणजे आज त्या विकत घेतल्या तर बहुधा शिक्षाही होत नाही आणि फायदाही होत नाही, फक्त पैसे जातात. प्रकरण फारच उघडं असेल तर गूगलची माणसं हाताने कारवाई करतात आणि तशी सूचना सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनात येते.

मसालेवाल्या काकांनी मला दाखवायच्या आधीच अठरा हजार मोजले होते. सर्च कन्सोल उघडून लिंकांची यादी काढली तर त्यात परदेशी जुगाराच्या साइटी, बंद पडलेले ब्लॉग आणि एक कुत्र्यांच्या खाद्याचं पान. काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘कुत्र्याच्या खाण्याचा अन् माझ्या सावजी मसाल्याचा काय संबंध, बाप्पा?’ पेज आणि ब्रिन यांच्या कल्पनेचा सगळा अर्थ त्या एका प्रश्नात आहे. संबंध असलेली लिंक मोलाची. तुम्ही ज्याच्या लग्नात जेवण दिलं त्या मंगल कार्यालयाच्या पानावर तुमचं नाव असणं, ज्या प्रदर्शनात स्टॉल लावला त्याच्या यादीत असणं, एखाद्या वर्तमानपत्राने तुमच्यावर लिहिणं, अशा पाच-सहा लिंका जमायला दोन वर्षं लागतात. लागू द्या.

गूगल मॅप्सबद्दलच्या दोन गुपितांनी मात्र मी खरंच वैतागलो, कारण चांगली चाललेली दुकानं त्यांच्यापायी अडचणीत येतात. पहिलं, ‘प्रोफाइलवर दुकानाच्या नावातच माल आणि शहर लिहा.’ म्हणजे पाटीवर दोन शब्द आणि मॅपवर ‘अमुक स्वीट्स बेस्ट संत्रा बर्फी होम डिलिव्हरी नागपूर’. बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीचा, नियम साधा आहे: नाव तेच, जे दुकानाच्या पाटीवर आहे. जास्तीचे शब्द कोंबले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. ते ऐन दिवाळीत झालं, तर परत मिळेपर्यंत फोन वाजायचा बंद. माल सांगायला तिथे प्रकार, सेवा, वर्णन आणि फोटो असे वेगळे रकाने आहेत आणि ते फुकट आहेत. आपले दुकानदार नेमके तेच रिकामे ठेवतात. सुटीचे वेळापत्रकही भरत नाहीत, मग पोळ्याच्या दिवशी माणूस गाडी काढून येतो आणि शटरकडे पाहून परत जातो.

दुसरं, ‘नातेवाइकांकडून पन्नास पाच-स्टार रिव्ह्यू घ्या.’ एकाच दुपारी, एकाच घरातून, ‘खूप छान’ एवढंच लिहिलेले पन्नास रिव्ह्यू यंत्रालाही कळतात आणि माणसालाही. खोटे आणि बक्षीस देऊन घेतलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाहीत. ‘रिव्ह्यू लिहा, दहा टक्के सूट घ्या’ ही पाटीही त्यातच मोडते. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, ते याच उद्योगांमुळे. आलेल्या गिऱ्हाइकाला सूट न देता, ‘जमलं तर दोन ओळी लिहा’ असं म्हणायला कोणाचीच मनाई नाही. वाईट रिव्ह्यू आला तर शांतपणे उत्तर द्या. एका शिळ्या बर्फीच्या तक्रारीला दिलेलं प्रामाणिक उत्तर लोक पन्नास कौतुकांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचतात, असा माझा अनुभव आहे.

आता मला सगळ्यात जास्त लागलेलं गुपित: ‘मराठीत लिहू नका, गूगलला इंग्रजीच कळतं.’

ही समजूत आली कुठून, ते माझ्यासारख्या डीटीपीवाल्याला चांगलं ठाऊक आहे. त्यात आमचाही हात आहे. आम्ही सगळं काम कृतीदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत करायचो. त्या फॉन्टांत मराठी फक्त दिसते, आत असतात इंग्रजी कळा. कृतीदेवमध्ये ‘नागपूर’ असं टाइप केलं, तर संगणकाच्या पोटात साठतं ‘यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे’. छापखान्यात चाललं, कारण कागदाला पोट नसतं. तोच मजकूर वेबसाइटवर चढवला तेव्हा गूगलने वाचलं ते ‘यूकेएक्सआय’ वगैरे. साहजिकच ‘नागपूर’ शोधणाऱ्याला ती साइट कधी सापडली नाही, आणि दुकानदाराने निष्कर्ष काढला की मराठी चालत नाही. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी गूगल व्यवस्थित वाचतं. तुमच्या साइटवरचा एक शब्द कॉपी करून व्हॉट्सअॅपच्या खोक्यात पेस्ट करा. मराठीच राहिला तर ठीक. इंग्रजी कचरा झाला, तर तुमचा डिझायनर अजून माझ्या जुन्या धंद्यात आहे.

याच आजाराचा दुसरा प्रकार म्हणजे सगळा मजकूर फोटोत घालणं. मेनूचा फोटो, दरपत्रकाचा फोटो, सणाचं फ्लेक्स जसंच्या तसं मुखपृष्ठावर. दिसतं झकास. पण फोटोतली अक्षरं गूगल वाचेलच याचा भरवसा नाही. फोटो ठेवा, शेजारी तेच अक्षरांत लिहा.

आणि कोणत्या भाषेत लिहायचं ते गिऱ्हाईक कसं शोधतं त्यावर ठरवा. पुण्यातला माणूस ‘संत्री’ लिहितो, आपण ‘संत्रा’ म्हणतो. ‘सावजी’ रोमन अक्षरांत लिहिताना कोणी मध्ये ‘ओ’ घालतं, कोणी ‘व्ही’. हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. सर्च कन्सोल फुकट आहे आणि लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. काकांच्या यादीत सगळ्यात वर दुकानाचं नाव नव्हतंच, ‘सावजी मसाला किती घालायचा’ हा प्रश्न होता. त्यांच्या साइटवर त्याचं उत्तर कुठेही नव्हतं, आणि एक किलो चिकनला किती हे त्यांना झोपेतही सांगता येतं! ते त्यांनी बोलून सांगितलं, मी टाइप केलं, अर्ध्या तासाचं काम.

‘रोज एक लेख टाका, एआयकडून लिहून घ्या’ याचंही उत्तर त्यातच आलं. मजकूर यंत्राने लिहिला म्हणून गूगल तो बाद करत नाही, हे त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण निव्वळ क्रमवारीसाठी ढिगाने पानं पाडणं मार्च २०२४ पासून त्यांच्या स्पॅमच्या नियमांत आहे, मग ती यंत्राने पाडा नाहीतर भाच्याने. ‘संत्र्याचे दहा फायदे’ जगात हजारो ठिकाणी आहेत. संत्र्याच्या दोन हंगामांपैकी आंबिया बहार ऑक्टोबरपासून येतो आणि मृग बहार फेब्रुवारीपासून, दोघांच्या चवीत आणि सालीत काय फरक, पेटी पुण्याला किती दिवसांत पोचते, वाटेत किती फळं खराब धरायची, हे त्या काटोलच्या बागायतदाराशिवाय कोण लिहिणार? त्याच्या साइटवर आजही ‘ताजी संत्री बारा महिने’ असंच आहे. कळमन्याच्या बाजारात हे वाक्य म्हणून पाहा, लोक हसतील.

राहिलं ‘गूगलला जाहिरात द्या, नंबर आपोआप वर जातो’. जात नाही. जाहिरातीवर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, पैसे संपले की ती उतरते आणि खालच्या साध्या निकालांवर तिचा परिणाम होत नाही. म्हणून जाहिरात देऊच नका असंही नाही, राखीच्या आठवड्यात मिठाईवाल्याला ती परवडते. फक्त ठिकाणाची सेटिंग तपासा. ती आहे तशी ठेवली, तर नागपुरात असलेल्यांसोबत नागपुरात ‘रस असलेल्यांनाही’ जाहिरात दिसते आणि घरपोच केकच्या जाहिरातीवर हैदराबादेत कोणीतरी क्लिक करतं. क्लिकचे पैसे तुमचेच.

अकरापैकी दहा जणांना एवढं पुरावं. मेहुण्याचं वेगळं आहे. त्याने मला विचारायच्या आधीच पॅकेज घेतलं. ‘काहून घेतलं?’ म्हटलं, तर म्हणतो, ‘हमी होती ना.’ पैसे गेले ते गेले. पण त्यांनी ‘सोयीसाठी’ त्याचं डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, स्वतःच्या खात्यावर वळवून घेतलं, असं तो काल ओझरतं बोलून गेला. तसं असेल तर उद्या त्यांनी फोन उचलला नाही की साइट, तिचा पत्ता आणि त्यावरचे ईमेल सगळं त्यांच्या हाती. संध्याकाळी प्रतापनगरला जाऊन आधी ते पाहतो.