गांजाचा काळाबाजार मोडू इच्छिणाऱ्या राज्यकर्त्यांस

आपल्या राज्यात गांजा कायदेशीर करून काळाबाजार मोडण्याचा आपला निर्धार असेल, तर नवे काही शोधत बसू नये. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचा कित्ता गिरवावा. तेथे ३१ मार्च २०२१ रोजी कायद्यावर सही झाली आणि त्याच दिवसापासून २१ वर्षांवरील माणसाला तीन औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम गांजा जवळ बाळगण्याची मुभा मिळाली. तो आणावा कोठून, एवढा किरकोळ प्रश्न तेवढा मागे राहिला, कारण पहिले परवानाधारक दुकान उघडले ते २९ डिसेंबर २०२२ रोजी. मधले एकवीस महिने गिऱ्हाइकाने खिशाला मुभा आणि मनाला संयम बाळगून काढावेत, अशी अपेक्षा होती. परवान्याची वाट न पाहणाऱ्या सिगारेटवाल्याने मात्र काचेवर हिरवे पान चिकटवले आणि त्याचा धंदा सुरूही झाला.

पहिले परवाने गांजाच्या जुन्या गुन्ह्यांत शिक्षा भोगलेल्यांना द्यावेत, हा विचार उत्तमच होता, यात थट्टा नाही. आपण तो अवश्य उचलावा. फक्त त्यांना कबूल केलेले कर्ज आणि जागा सावकाश द्यावी आणि वगळलेल्यांना कोर्टात जाण्याइतकी फट नियमांत ठेवावी, म्हणजे न्यूयॉर्कला ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली तशी कोर्टाकडून परवान्यांना स्थगितीही मिळेल.

करांसाठी मात्र कॅलिफोर्नियाचा गंडा बांधावा. १ जानेवारी २०१८ पासून तेथे विक्रीवर १५ टक्के अबकारी कर लागला, त्यावर नेहमीचा विक्रीकर, आणि पिकवणाऱ्याकडून सुक्या फुलांच्या दर औंसामागे ९.२५ डॉलर. हा शेवटचा कर वजनावर असल्याने मालाचा भाव कितीही कोसळला तरी तो ढळला नाही. उलट महागाईच्या हिशेबाने चढत २०२२ च्या आरंभी तो १०.०८ डॉलरवर गेला आणि त्याच वर्षी जुलैत रद्द झाला. जोडीला निम्म्याहून अधिक शहरांनी व काउंट्यांनी, म्हणजे तेथल्या जिल्ह्यांनी, आपल्या हद्दीत दुकानेच नकोत असे ठरवले, त्यामुळे तेथील रहिवाशांचा वैध दुकानदाराशी भाव करण्याचा त्रासही वाचला.

एवढे करूनही विनापरवाना दुकाने हटली नाहीत, तर त्यांना ठोकायला कुलुपे आणावीत. न्यूयॉर्क शहराला कुलुपांची आठवण मे २०२४ मध्ये झाली. तोवर सिगारेटवाल्याची गिऱ्हाइके मुरली होती.