हाती-हाती

बालीतल्या उबुद गावात पहिल्याच सकाळी भाड्याची स्कूटर घेऊन बाहेर पडलो आणि शंभरएक पावलांवर पाटी लागली : 'हाती-हाती'. लिपी रोमन, त्यामुळे वाचायला काहीच अडचण नाही. इंडोनेशियन भाषेचा घोळ इथंच आहे. बँकॉकला थाई पाटी आपल्याला कळत नाही, एवढं तरी कळतं. इथं अक्षरं ओळखीची, शब्द तर चुलतभावासारखे, आणि अर्थ भलताच.

"अहो, हत्ती आहेत पुढे," बायको मागून म्हणाली. "दोन."

उबुदच्या उत्तरेला तारो गावी हत्ती पाळलेले आहेत, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. म्हणजे शंका घ्यायला जागा नव्हती. मी वेग कमी केला. पुढच्या वळणावर पुन्हा हाती-हाती. मग शाळेजवळ हाती-हाती. शेवटी एका उघड्या गटाराच्या तोंडाशी ठेवलेल्या फळकुटावरही हाती-हाती दिसलं, तेव्हा बायकोनं फक्त "गटारात?" एवढंच विचारलं.

रस्त्यांच्या नावांनी तर आणखी फसवलं. आधी लागलं 'जालान हानोमान'. हानोमान म्हणजे आपला हनुमान, आणि जालान म्हणजे जाळणारा. लंका जाळली, बरोबर आहे. पुढे 'जालान देवी सीता'. अग्निपरीक्षा! बायको गप्प झाली. त्या प्रकरणात तिनं रामाला अजून माफ केलेलं नाही. मग आला 'जालान सुग्रीवा'. आता सुग्रीवाला कुणी, कधी आणि कशासाठी जाळलं? इथं माझा सिद्धांत कोसळला. जालान म्हणजे साधा रस्ता, हे संध्याकाळी कळलं. तोपर्यंत निम्मं रामायण आम्ही पेटवून झालो होतो.

पण खरी फजिती 'एस'नं केली. लाल गोलात इंग्रजी 'पी' आणि त्यावर तिरकी रेघ, म्हणजे पार्किंग नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. थोडं पुढे तसाच लाल गोल, पण आत 'एस', आणि तोही कापलेला. मी विचार केला. एस म्हणजे काय? स्कूटर! परक्या देशात कायदा मोडायचा नाही, असं आम्ही विमानातच ठरवलं होतं. उतरलो, इंजिन बंद केलं आणि त्या उन्हात चढावर स्कूटर ढकलू लागलो. शेजारून अख्खं बाली स्कूटरवरून जात होतं. एकेका स्कूटरवर चार-चार माणसं. "बघ, इथंही कायदा कुणी पाळत नाही," मी धापा टाकत म्हणालो. दर पन्नास पावलांना आम्ही थांबत होतो, आणि थांबायला आधार म्हणून नेमका त्या पाटीचाच खांब धरत होतो. कापलेल्या एसचा अर्थ 'इथं थांबू नये' असा आहे. त्या रस्त्यावर त्या दिवशी कायदा मोडणारे आम्ही दोघंच.

वाट विचारायची सोय होती, पण तीही बेताचीच. दारात केळीच्या पानाचे द्रोण मांडून फुलं वाहणाऱ्या एका आजींना विचारलं, तर त्यांनी "काजा, काजा" करत हात हलवला. काजा म्हणजे डोंगराकडे आणि केलोद म्हणजे समुद्राकडे. डावं-उजवं विचारायचं आणि उत्तर डोंगरासमुद्रात घ्यायचं. डोंगर ढगात गेलेला, समुद्र तिथून दिसत नाही. आम्ही आजींना नमस्कार केला आणि आलो तसेच परत फिरलो.

रात्री होमस्टेच्या मालकीणबाईंनी खुलासा केला. हाती-हाती म्हणजे सावधान. हत्तीचा काही संबंध नाही. त्यांच्या भाषेत हत्ती म्हणजे 'गाजाह', म्हणजे आपला गजच. 'आवास' म्हणजेही सावधान. (मला ती घरकुल योजना वाटली होती, बायकोला अवस.) आणि 'पोलिसी तिदुर' म्हणजे झोपलेला पोलीस. हे मात्र स्पीडब्रेकरचं नाव. मी एवढा हसलो की त्या बाई गोंधळल्या.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर पदार्थांच्या यादीत 'हाती आयाम'. आयाम म्हणजे कोंबडी, हे आदल्या दिवशी शिकलो होतो. सावध कोंबडी? वाढणाऱ्या मुलानं स्वतःच्या पोटावर उजवीकडे बोट ठेवून दाखवलं. लिव्हर! म्हणजे हाती म्हणजे यकृत, आणि मन दुखावलं की दुखतं तेही हातीच. यात हसण्यासारखं काही नाही. आपणही खाटकाकडे काळीज मागतो तेव्हा तो लिव्हरच तोलून देतो, आणि लेक सासरी निघाली की तुटतं तेही काळीजच. थोडक्यात, बालीचे रस्ते कालपासून आम्हाला 'काळीज-काळीज' म्हणून ओरडत होते.

एवढं शिकल्यावर माणूस जरा धीट होतो. दुपारी एका फाट्यावर मोठा फलक दिसला : 'हाती-हाती, आदा उपाचारा आदात'. मी थांबलो नाही. शब्द न् शब्द फोडून बायकोला सांगितला. "हाती म्हणजे लिव्हर. उपाचारा म्हणजे उपचार. आदात म्हणजे आदत, सवय. पिण्याच्या सवयीनं लिव्हर गेलेल्यांवर इथं उपचार होतात. व्यसनमुक्ती केंद्र आहे. आपलं काय काम?" आणि स्कूटर आत घातली.

वळण घेतलं आणि समोर अख्खं गाव. डोक्यावर फळांचे हातहात उंच मनोरे घेतलेल्या बायका, छत्र्या, झांजा, गमेलानचा वाद्यवृंद. उपाचारा म्हणजे षोडशोपचारांतले उपचार, अर्थात धार्मिक समारंभ. आदात म्हणजे रूढी. 'सावधान, पुढे पारंपरिक सोहळा आहे' एवढंच तो फलक सांगत होता. कमरेला काळ्यापांढऱ्या चौकडीचं वस्त्र गुंडाळलेला गावचा राखणदार, त्यांचा 'पेचालांग', शिट्टी वाजवत आला. आम्ही हेल्मेट घातलेले, हाफ पँट, आणि मिरवणुकीच्या बरोबर मध्ये. त्यानं रागावायला हवं होतं. त्यानं हळूच स्कूटर कडेला घ्यायला लावली आणि सावलीकडे बोट दाखवलं.

पाऊण तास उभे होतो. बायको म्हणाली, इतक्या दिवसांत मी दाखवलेली ही पहिली बघण्यासारखी गोष्ट.

शेवटची छत्री वळणाआड गेल्यावर पेचालांगनं जायची खूण केली आणि हसून म्हणाला, "हाती-हाती, पाक." (पाक म्हणजे साहेब.) मी स्कूटर चालू केली आणि नकळत उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

"अहो," मागून आवाज आला, "दोन्ही हात हँडलवर."