समीक्षा वाचायचीय? डबा घेऊन या

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मराठी समीक्षा वाचायची, असं तुमच्या मनानं घेतलं असेल तर आधी अभिनंदन. आता काही सूचना.

ओळखपत्र, मार्गदर्शकांचं शिफारसपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा. नुसती वाचनाची हौस आहे, असं चुकूनही बोलू नका. जुन्या अंकांच्या विभागात संशोधक आणि प्राध्यापक सोडून कुणाला सोडत नाहीत.

पाण्याची बाटली बाहेर ठेवा. पुस्तकांना ओल लागता कामा नये. छत गळतं, ते वेगळं.

मग ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची सूची. रा. भा. पाटणकरांचं 'सौंदर्यमीमांसा' हवंय ना? १९७४चं, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, म्हणजे असणारच. देवनागरीत टाइप करा. शून्य नोंदी. कारण नोंदी इंग्रजी अक्षरांत. मग 'एस'नंतर 'ए-यू' टाकून बघा, नाहीतर 'ओ-यू', नाहीतर नुसता 'ओ'. 'मी'ला 'आय' की 'डबल ई', अनुस्वाराला 'एन' की 'एम', हे नोंद करणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मर्जीवर. शाळकरी पोरं फोनवर शुद्ध देवनागरीत शिव्या टाइप करतात, पण मराठी पुस्तकाचं नाव मराठीत लिहिणं विद्यापीठाला अजून जमलेलं नाही! शंकर गणेश दात्यांनी संगणक नसताना १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची केली हो. आणि इथे? दर १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे गुरू रंगनाथन यांच्या फोटोला हार. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा त्यांचा १९३१चा सिद्धान्त त्याच भिंतीवर, फ्रेम करून. असो. नोंद सापडलीच तर पुढे 'उपलब्ध' लिहिलेलं असेल. म्हणजे कुणी नेलेलं नाही आणि रॅकवरही नाही.

रॅकवर स्वतः शोधायचं असेल तर मराठी साहित्य ८९१.४६. वर्गीकरण ड्यूईचं, मांडणी शिपायाची.

शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांचे प्रबंध फुकट आहेत. चार प्रबंधांचं पहिलं प्रकरण सारखंच वाटलं तर त्याला परंपरा म्हणा.

'सत्यकथा'चे अंक मागाल तर ते बाइंडिंगला गेलेले असतील. मासिक १९८२ साली बंद पडलं, तुम्हालाच कसली घाई?

मला मात्र ते बाड मागच्या आठवड्यात मिळालं. मर्ढेकरांच्या कवितेवरचा एक जुना लेख हवा होता. अनुक्रमणिकेत आहे. पान काढलं, तर शिवणीलगत ब्लेडनं कापलेलं. तेवढा लेख गायब, पुढची साबणाची जाहिरात शाबूत.

आता यात शिपायाला काय बोलायचं? त्या विभागात जातं कोण, ते वर सांगितलंच आहे. म्हणजे ब्लेड खिशात घालून आलेला माणूस मर्ढेकरांवर प्रबंध लिहीत होता. लाज वाटली नाही? झेरॉक्स नव्हतं तेव्हा हातानं उतरवून घेणारी माणसं याच टेबलांवर बसायची. आणि सर, तुम्हीही. प्राध्यापकांच्या कार्डावर नेलेली पुस्तकं निवृत्तीनंतरही तुमच्या दिवाणखान्यात आहेत, शिक्क्यासकट. परिसंवादात मात्र 'नवी पिढी समीक्षा वाचत नाही' म्हणून गळा काढता. कुठून वाचणार? आणून द्या ती. दंडमाफीचा अर्ज मी लिहून देतो. कापलेली पानं असतील तर टपालानं पाठवा, पाकिटावर नाव घालू नका.