एकच पत्ता टाका, कोण बघतंय!

‘दोघांचा एकच पत्ता टाका. कोण येतंय बघायला?’ परवा हा सल्ला पुन्हा एकदा फिरत फिरत आला. सोबत जोडलेले दोन हात, आणि पाठवणाऱ्याच्या मेहुण्याचं ‘आमचं झालं की काम’ असं प्रशस्तिपत्रक. नवरा अमेरिकन नागरिक, नोकरी टेक्ससमधल्या डॅलसला. बायको एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत. लग्न ताजं आणि ग्रीन कार्डाचा अर्ज तोंडावर. अशा जोडप्यांना एवढं मोलाचं ज्ञान फुकट मिळत असताना आपण तरी हात का आखडता घ्यावा? त्या पत्त्याकडे येऊच. आधी लग्न खरं असल्याचे पुरावे जमवायची बाकीची तयारी.

जॉइंट खातं उघडा, त्यात शंभर डॉलर टाका आणि विसरून जा. बारा महिन्यांची बारा स्टेटमेंटं, प्रत्येकावर तोच शंभराचा आकडा. संसार कसा काटकसरीचा! पगार आपापल्या जुन्या खात्यात, भाडंही तिथूनच. दोन शहरांतली दोन भाडी, किराणा आणि विमानाची तिकिटं एकाच खात्यातून गेली, तर इमिग्रेशन अधिकाऱ्याला संसार चालू असल्याचा उगाच संशय यायचा.

फोटो भरपूर लावा. तीनशे तरी हवेत, सगळे लग्नाच्या दिवसाचे, त्यातले दोनशे जेवणाच्या पंगतीचे. वर्षभरात पंधरा-वीस वेळा भेटलात त्याचा एकेक फोटो, खाली तारीख, गाव आणि सोबत कोण होतं, असला कोरडेपणा नको.

व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं छापा. सातशे पानं ‘जेवलीस का’ आणि ‘हो, तू?’ वाचायलाच तर अधिकारी बसलाय.

बोर्डिंग पास जपायची गरज नाही. विमान उतरल्यावर काही दिवसांत ते ॲपमधून आपोआप नाहीसे होतात, आणि रेस्टॉरंटची गुळगुळीत कागदावरची पावती वर्षभरात कोरी होते. निसर्गच आवराआवर करतो म्हणायचा.

टॅक्स भरताना ‘सिंगल’वर खूण करा. सवयीने झालं म्हणून सांगता येईल. 31 डिसेंबरपर्यंत लग्न झालेलं असेल तर ‘सिंगल’ हा पर्यायच उरत नाही, वेगवेगळे भरले तरी ‘मॅरिड’च लिहावं लागतं, वगैरे तपशिलांत कोण जातो? एकीकडे ‘आम्ही नवराबायको’ म्हणून सही आणि दुसरीकडे आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, ‘मी एकटा’ म्हणून सही. दोन्ही कागद एकाच फायलीत शोभून दिसतील.

कंपनीच्या आयुर्विम्यावर नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे ते राहू द्या. सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागताना टाकलंय, आता कशाला बदलायचं? लग्नानंतर कंपनीच्या आरोग्य विम्यात जोडीदाराला घालायला साधारण तीस दिवस मिळतात. तेही जाऊ द्या. बत्तिसाव्या दिवशी एचआरला फोन करून रागवायची मजा वेगळीच.

नावांचं तर विचारूच नका. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं तिसरंच नाव एखाद्या बँकेत चिकटलेलं. फॉर्मवर ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, तो कोरा सोडा. महाराष्ट्रातल्या मुलीची तीन नावं अधिकाऱ्याने आपली आपण ओळखावीत.

खात्याला द्यायचं मेडिकल तपासणीचं पाकीट सीलबंद मिळतं. उत्सुकता वाटली तर खुशाल फोडा.

अर्ज पडून असताना घर बदललंत तर पोस्टात पत्ता फिरवण्याची विनंती करून ठेवा, बास. दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला स्वतंत्रपणे कळवावं लागतं, त्यांची पत्रं पोस्ट पुढे पाठवत नाही, परत धाडतं, हे मुलाखतीची तारीख टळल्यावर कळेलच. वर्षातून दोनदा शहर बदलणाऱ्यांनी तर अजिबात मनावर घेऊ नये.

आणि भाऊबीजेला घरी जाऊन या की! वैध एच-वन-बी व्हिसा असेल तर प्रश्न नाही. शिक्षणानंतरच्या ओपीटीवर असाल आणि ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना देश सोडलात, तर आय-485, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्जच, सोडून दिला असं धरतात. पण ओवाळणी मिळते ना.

आता पत्ता. सल्ला असा की बायकोचाही पत्ता डॅलसचाच लिहायचा, म्हणजे ‘एकत्र राहतात’ असं दिसेल. छान. मग आय-130ए या जोडीदाराच्या माहितीच्या फॉर्मवर तिचे पाच वर्षांचे पत्ते आणि पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहा. पत्ता टेक्ससचा, ऑफिस जर्सी सिटीत. रोज सकाळी विमानाने जात असेल. तिच्या डब्ल्यू-2 वर, म्हणजे पगाराच्या वार्षिक दाखल्यावर, न्यू जर्सीचा राज्य कर कापलेला दिसेल, आणि टेक्ससमध्ये तर राज्याचा आयकरच नाही. लायसन्स न्यू जर्सीचं, गाडीचा विमा तिथल्या झिपवर. आणि सगळ्यात गंमत म्हणजे तिची एच-वन-बीची फाइल. त्यात कामाची जागा इमारतीच्या पत्त्यासकट लिहिलेली असते, आणि ती याच खात्याच्या कपाटात आहे. म्हणजे ज्याच्याकडे खरा पत्ता आधीपासून आहे त्यालाच खोटा पत्ता लेखी द्यायचा, खाली ‘हे सगळं खरं आहे’ म्हणून सही करायची, आणि वर नवऱ्याने भरायच्या आय-130 अर्जाचे 675 आणि आय-485 चे 1440 डॉलर मोजायचे! शिवाय मुलाखत अर्जदाराच्या पत्त्यावरून ठरणाऱ्या ऑफिसात. नेवार्कला सरळ झाली असती ती डॅलसला. तिथे शंका आली की दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न: कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते? काल रात्री कोण कुठे झोपलं? घोका, घोका. कचऱ्याचा वार पाठ कराल हो, पण बायकोने त्या घरातला कचरा कधी बाहेर काढलाच नसेल तर?

बरं, हे सगळं कशासाठी? कायद्यात नवराबायकोने एका छताखाली राहिलंच पाहिजे असं कुठेही नाही. लग्न करताना एकत्र संसाराचा हेतू होता का, एवढं बघतात. अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील कोर्टाने 1975 मध्ये बार्क खटल्यात हेच सांगितलं, आणि नोकरीमुळे वेगळं राहावं लागतं हेही त्यात स्पष्ट धरलं. पन्नास वर्षं झाली त्याला! आय-130 मध्ये ‘शेवटचे एकत्र कुठे राहिलात’ हा प्रश्न आहे, आणि राहिलाच नसाल तर तसं लिहायची सूचनाही तिथेच छापलेली आहे. म्हणजे ज्या उत्तराला तुम्ही घाबरताय, ते त्यांनी आधीच धरून ठेवलंय.

तेव्हा पुरे झाला फाजीलपणा. दोन पत्ते आहेत तर दोन लिहा. दोन्ही कंपन्यांकडून पत्रं घ्या: कामाची जागा कुठे, रुजू कधी झालात, घरून काम का चालत नाही. दोन्ही घरमालकांना विचारून लीजवर जोडीदाराचं नाव घाला. भेटींची तारीखवार यादी करा, पुढे तिकिटं लावा, आणि एकत्र कधी राहायचं ठरवलंय ते एका पानात लिहून दोघांनी सह्या करा. अधिकाऱ्याला हा कंटाळवाणा गठ्ठाच हवा असतो. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत आय-751 या कायम कार्डासाठीच्या अर्जासोबत हाच गठ्ठा नव्याने द्यावा लागतो. तेव्हा खोटा पत्ता आणखी दोन वर्षं सांभाळत बसणार का?

आणि ते सल्ले पाठवणारे! तुमच्या मेहुण्याचं निभावलं म्हणून दुसऱ्याच्या बायकोचं आयुष्य पणाला लावता? जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा शेरा बसला की आयुष्यभर चिकटतो, माफीचा अर्ज करून तो पुसेलच याची खात्री नाही. लग्नच बनावट ठरवलं तर पुढे तिच्या कंपनीने केलेला अर्जसुद्धा मंजूर होत नाही. चांगलं खरं लग्न, खरी नोकरी, खरं भाडं असताना हे ओढवून घ्यायला सांगता, आणि वर हात जोडता? तो मेसेज डिलीट करा आधी. आणि नवरोबा, तुम्ही आजच्या आज तो विम्याचा फॉर्म उघडा. आईला मी समजावतो.