एका बट्टीने काही मोडत नाही

उतरलेलं वजन परत चढतं ते 'जिद्द कमी पडली म्हणून', हे वजन कमी करण्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला फार लागलं. मी धुळ्याची. आठ महिन्यांत १४ किलो उतरवले, त्यातले ९ परत आले, आणि ते कसे आले ते मी जवळून पाहिलंय.

गावाकडे वरण-बट्टीची पंगत होती. सासूबाईंनी तुपात चुरलेली बट्टी वाढली, "खाय ना माय, एक दिनमा काय व्हस!" खरंच काही झालं नसतं. पण हात धुताना मनात आलं, पथ्य मोडलंच आहे तर आता काय! दुसऱ्या दिवशी शेवभाजी, तिसऱ्या दिवशी फिरणं बंद, वजनकाटा पलंगाखाली. महिनाभर त्यावर पाय ठेवायची हिंमत झाली नाही. 'सगळं नाहीतर काहीच नाही' या विचाराचा वजन परत येण्याशी संबंध संशोधकांनी दाखवलेला आहे. शिवाय शरीरही ओढ लावतंच. वजन उतरलं की पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. २०११ च्या एका अभ्यासात वर्षभरानंतरही हा बदल टिकून होता. अशा माणसाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे हो.

आता दर सोमवारी काट्यावर उभी राहते, आकडा कितीही असो, कॅलेंडरवर लिहिते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसासोबत खापरावरचे दोन मांडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी पांझरेच्या काठाने चालायला निघाले.